शॉर्ट ॲक्शन की लाँग ॲक्शन? शिकारी रायफल घेताना काय, कोणत्या क्रमाने ठरवायचं

रायफल घ्यायला निघालेल्या माणसाला विचारा, काय बघताय? "शॉर्ट ॲक्शन. हलकी असते म्हणे." काडतूस कोणतं? "ते बघू नंतर." घोळ इथेच होतो. आधी काडतूस ठरतं, मग ॲक्शन. काडतूस नीट ठरलं तर ॲक्शनचा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही. उरलाच तर त्याचं उत्तर मॅगझीनच्या (काडतुसं भरून ठेवायच्या पेटीच्या) आतल्या मापात आणि तुमच्या हाताच्या सवयीत सापडतं, जाहिरातीत नाही.

शब्दांचा अर्थ आधी स्पष्ट करून घेऊ. बोल्ट रायफलची ॲक्शन म्हणजे रिसीव्हर, अर्थात नळीमागचा धातूचा सांगाडा, आणि त्यात हाताने मागेपुढे सरकवायचा दांडा, म्हणजे बोल्ट. ही जोडी जेवढी लांब, तेवढं लांब काडतूस तिच्यातून जाऊ शकतं. शॉर्ट ॲक्शन .३०८ विंचेस्टरच्या मापाभोवती बेतलेली असते. त्या काडतुसाची एकूण लांबी जास्तीत जास्त २.८१ इंच, म्हणजे ७१.४ मिमी. लाँग ॲक्शन .३०-०६ स्प्रिंगफील्डच्या मापाची, म्हणजे ३.३४ इंच किंवा ८४.८ मिमी. दोन्हींतला फरक जेमतेम अर्ध्या इंचाहून थोडा जास्त, आणि बाकीची सगळी चर्चा या अर्ध्या इंचाचीच आहे.

तयारी: दुकानात जाण्याआधी

एक साधा व्हर्नियर कॅलिपर मिळवा. जी काडतुसं मनात आहेत त्यांची डमी काडतुसं घ्या, प्रत्येकी तीन-चार तरी. डमी म्हणजे दारू आणि प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी) नसलेली, लांबीला अस्सल काडतुसाएवढी. चाप कोरडा ओढून पाहण्यासाठी मिळणारी प्लास्टिकची काडतुसं कधी कधी लांबीला कमी भरतात, ती इथे उपयोगाची नाहीत. शिकारीला जे जाकीट आणि हातमोजे घालता तेही बरोबर न्या. लोक हसतील, हसू द्या. स्कोप (नेम धरायची दुर्बीण) आधीच घेतलेला असेल तर तोही सोबत असू द्या.

आणि एका कागदावर कायद्याच्या अटी लिहून काढा. शस्त्रपरवान्यात कोणतं कॅलिबर बसतं, मॅगझीनमध्ये किती काडतुसं चालतात, कोणत्या जनावरासाठी किमान कॅलिबर किंवा किमान ऊर्जा किती लागते. अनेक देशांत हे नियमांतच ठरलेलं असतं, आणि तिथे तुमच्या आवडीला फारशी जागा नसते.

⚠ सावधान: पुढच्या सगळ्या तपासण्या डमी काडतुसांवरच करायच्या. रायफल हातात घेतली की नळी सुरक्षित दिशेला, बोल्ट उघडा, चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) आणि मॅगझीन डोळ्यांनी पाहा आणि चेंबरमध्ये बोट घालून खात्री करा. दुकानदाराने समोर तपासून दिली असली तरी स्वतः पुन्हा तपासा.

टप्पा १: जनावर आणि अंतर

कागदावर दोनच ओळी. पहिली: सगळ्यात मोठं कोणतं जनावर मारणार आहात? दुसरी: तुम्ही खरोखर किती अंतरावरून गोळी झाडता? खरोखर म्हणजे बसून किंवा काठीच्या टेकूवरून, दम लागलेला असताना. बाकावर रेतीची पिशवी टेकवून जमणारं अंतर इथे धरायचं नाही.

हरणाएवढं जनावर आणि दोन-अडीचशे मीटरच्या आतलं अंतर असेल, तर दोन्ही ॲक्शनमध्ये भरपूर काडतुसं आहेत. एल्क किंवा मूससारखं मोठं जनावर आणि त्याहून लांबचं अंतर असेल, तर जड गोळी आणि जास्त दारू हवी, म्हणजे पारडं लाँग ॲक्शनकडे झुकायला लागतं. झुकतं म्हणतोय, पडतं नाही.

टप्पा २: काडतूस निवडा

शॉर्ट ॲक्शनमध्ये बसणारी नेहमीची काडतुसं: .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर, ७ एमएम-०८ रेमिंग्टन, .३०८ विंचेस्टर. आखूड पण जाड पुंगळीचं (पुंगळी म्हणजे दारू भरलेलं काडतुसाचं धातूचं कवच) .३०० डब्ल्यूएसएम, म्हणजे विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम, हेही याच घरातलं. मॅग्नम म्हणजे जास्त दारूचं, जोरदार काडतूस.

लाँग ॲक्शनची: .२५-०६ रेमिंग्टन, .२७० विंचेस्टर, .२८० रेमिंग्टन, .३०-०६, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, .३०० विंचेस्टर मॅग्नम, ७ पीआरसी (पीआरसी म्हणजे प्रिसिजन रायफल कार्ट्रिज).

त्याहून लांब, म्हणजे खास मॅग्नम लांबीची ॲक्शन मागणारी: .३७५ हॉलंड अँड हॉलंड (३.६० इंच), .३३८ लापुआ (३.६८ इंच), .३०० पीआरसी (३.७० इंच). नुसतं 'लाँग ॲक्शन' ऐकून ही घ्यायला गेलात तर फसाल. दुसऱ्या टोकाला .२२३ रेमिंग्टन, २.२६ इंचांचं. त्यासाठी काही कारखाने वेगळी मिनी ॲक्शन बनवतात.

आता ज्यावर सगळ्यात जास्त वाद होतो ती जोडी: .३०८ आणि .३०-०६. दोन्हींची गोळी त्याच व्यासाची. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक, १५० ग्रेन म्हणजे सुमारे ९.७ ग्रॅम) गोळी घेतली तर कारखान्याच्या नेहमीच्या काडतुसांत .३०८ सेकंदाला सुमारे २८२० फूट वेग देतं, .३०-०६ सुमारे २९१०. हा नव्वद फुटांचा फरक दोनशे मीटरवरच्या हरणाला कळत नाही. १८० ग्रेन आणि त्यापुढच्या जड गोळ्यांत .३०-०६ आपल्या मोठ्या पुंगळीचा फायदा थोडा अधिक दाखवतं. म्हणजे हरणासाठी .३०-०६ घेऊन काही बिघडत नाही, पण ते घेतलंच पाहिजे असंही नाही.

इथे होणारी चूक: 'शॉर्ट ॲक्शन म्हणजे धक्का कमी' असं समजणं. खांद्याला बसणारा धक्का ठरतो तो गोळीचं वजन, तिचा वेग, दारूचं प्रमाण आणि रायफलचं वजन यांवरून. बोल्ट किती सरकतो याचा त्याच्याशी काही संबंध नाही. .३०० डब्ल्यूएसएम शॉर्ट ॲक्शनमध्ये बसतं, पण .३०० विंचेस्टर मॅग्नमच्या जवळपास तेवढंच काम करतं आणि धक्काही जवळपास तेवढाच देतं. वर रायफल हलकी घेतली असेल तर तो आणखी जाणवतो. धक्का कमी हवा असेल तर .२४३ किंवा ६.५ क्रीडमूरकडे बघा.

⚠ सावधान: नावं सारखी दिसतात, काडतुसं वेगळी असतात. .२७० विंचेस्टर आणि .२७० डब्ल्यूएसएम वेगळी, .३०० विंचेस्टर मॅग्नम आणि .३०० डब्ल्यूएसएमही वेगळी. .३०८ चं काडतूस .३०-०६ च्या लांब चेंबरमध्ये आत जाऊ शकतं आणि सुटूही शकतं. मग पुंगळी फाटून वायू मागे, तुमच्या तोंडाकडे येण्याचा धोका असतो. नळीवर कोरलेलं नाव आणि पुंगळीच्या बुडावरचं नाव जुळल्याशिवाय काडतूस भरायचं नाही. दोन्ही रायफली घरात असतील तर काडतुसांचे डबे वेगळ्या कपाटात ठेवा.

टप्पा ३: मॅगझीनचं आतलं माप घ्या

बहुतेक जण हा टप्पा गाळतात आणि नंतर पस्तावतात.

रायफलवर 'शॉर्ट ॲक्शन' लिहिलंय म्हणजे सगळ्या कारखान्यांचं माप एक आहे असं नाही. कुणाच्या शॉर्ट मॅगझीनची आतली लांबी २.८५ इंच असते, तर कुणाची जवळजवळ ३ इंच. ६.५ पीआरसीचं उदाहरण घ्या. हे काडतूस शॉर्ट ॲक्शनचं म्हणूनच विकलं जातं, पण त्याची कमाल लांबी आहे २.९५५ इंच. .३०८ साठी बेतलेल्या तोकड्या मॅगझीनमध्ये ते पूर्ण लांबीला बसत नाही. पाटी तीच, माप वेगळं.

मोजायचं असं. बोल्ट काढा किंवा पूर्ण मागे ठेवा. मॅगझीन सुटणारं असेल तर बाहेर काढा. कॅलिपरचे वरचे बारीक जबडे, म्हणजे आतलं माप घ्यायचे, मॅगझीनच्या पुढच्या आणि मागच्या भिंतीला टेकवा. तीन वेळा मोजा, सगळ्यात कमी आकडा खरा धरा. काही मॅगझीनमध्ये पुढच्या भिंतीला आतून पट्टी किंवा उंचवटा असतो. त्याच्या पुढे मोजलंत तर आकडा फसवा येतो. मग काडतुसाची एकूण लांबी मोजा, पुंगळीच्या बुडापासून गोळीच्या टोकापर्यंत. मॅगझीन काडतुसाहून थोडं तरी लांब हवं. गोळीचं टोक पुढच्या भिंतीला घासत असेल तर प्रत्येक धक्क्याला ते तिथे आपटणार आणि मऊ टोकाची गोळी चेपणार.

कारखान्याचीच काडतुसं वापरणार असाल तर हे एकदा तपासून मोकळे व्हा. काडतुसं स्वतः भरत असाल तर मात्र इथे जरा थांबा. लांब, निमुळत्या, जड गोळ्या तोकड्या मॅगझीनमध्ये बसवायच्या तर गोळी पुंगळीत खोल ढकलावी लागते. तेवढी दारूची जागा जाते आणि दाबाचं गणितही बदलतं. हौसेने जड गोळी घ्यायची आणि मग ती अर्धी पुंगळीत पुरायची, यात मला कधी शहाणपण दिसलेलं नाही. तशा गोळ्या वापरायच्याच असतील तर लाँग ॲक्शन घ्या किंवा लांब मॅगझीनची शॉर्ट ॲक्शन शोधा.

मधल्या लांबीची काडतुसं विसरू नका. ७×५७ माउझर ३.०६५ इंचांचं, ६.५×५५ स्वीडिश ३.१५ इंचांचं. पुंगळी आखूड दिसते म्हणून ती शॉर्ट ॲक्शनमध्ये मावतील असं वाटतं, पण मावत नाहीत.

उलट प्रकारही असतो: लाँग ॲक्शनमध्ये .३०८. यात गैर काहीच नाही. काही कारखाने एकाच लांबीचा रिसीव्हर सगळ्यांसाठी वापरतात. टिक्का टी३एक्स तशीच आहे, काडतुसाप्रमाणे बोल्ट-स्टॉप (बोल्टला मागे थांबवणारा अडसर) आणि मॅगझीन बदलतं. पण लांब मॅगझीनमध्ये आखूड काडतूस ठेवायचं तर त्यात अडसर किंवा विभाजक असलाच पाहिजे. नसेल तर काडतुसं आत पुढेमागे सरकतात आणि बोल्टला नीट मिळत नाहीत.

✔ तपासणी: मॅगझीन डमी काडतुसांनी पूर्ण भरा आणि हलवा. शेवटचं काडतूसही दाबून बसतंय का? टोकं कुठे घासतात का? आता बोल्टने एकेक आत घ्या आणि बाहेर काढा. न झाडलेलं, अख्खं काडतूस खिडकीतून, म्हणजे पुंगळी बाहेर पडायच्या रिसीव्हरमधल्या मोकळ्या जागेतून, मोकळं बाहेर पडलं पाहिजे. रिकामी पुंगळी आरामात पडते, पण गोळीसकट लांबी वाढली की तोकड्या खिडकीच्या पुढच्या कडेला टोक अडकतं. दिवसभर भटकून शेवटी रायफल रिकामी करताना हे लक्षात येणं म्हणजे वैताग.

टप्पा ४: बोल्ट मागे ओढून पाहा, खांद्यावरून

दुकानात लोक बोल्ट ओढतात तो रायफल कमरेशी धरून, दोन बोटांनी, हलकेच. तसा तो सगळ्यांचाच लोण्यासारखा चालतो.

माझी फजिती सांगतो. वर्षानुवर्षं शॉर्ट ॲक्शन वापरल्यावर मी .३०-०६ घेतली. पहिल्याच हंगामात पहिली गोळी थोडी मागे लागली. घाईने बोल्ट उचलला, मागे ओढला, पुढे ढकलला, चाप ओढला. खट्. नुसता कोरडा आवाज. बोल्ट मी जुन्या सवयीने अर्धा इंच आधीच थांबवला होता. पुंगळी बाहेर पडली होती, पण बोल्टचं तोंड पुढच्या काडतुसाच्या बुडामागे गेलंच नव्हतं. बोल्ट त्याच्या पाठीवरून घसरत पुढे आला आणि चेंबर रिकामंच राहिलं. जनावर नंतर मिळालं, पण तो शोध संध्याकाळपर्यंत चालला, आणि तसं व्हायला नको होतं.

हा दोष रायफलचा नाही, हाताचा आहे. लाँग ॲक्शन घेऊ नका असा याचा अर्थ नाही. बोल्ट प्रत्येक वेळी मागच्या अडसराला ठक्कन लागेपर्यंत ओढायचा, एवढाच अर्थ. नवशिक्यांना ही सवय लावणं सोपं जातं. खरा त्रास दोन लांबीच्या रायफली आलटून पालटून वापरणाऱ्यांना होतो. त्यांना माझा सल्ला सरळ आहे, शक्य असेल तर दोन्ही एकाच लांबीच्या ठेवा.

तपासायचं असं. जाकीट आणि हातमोजे घाला, मॅगझीनमध्ये तीन डमी भरा, रायफल खांद्याला लावा. गाल दस्त्यावरून न उचलता तीन वेळा बोल्ट चालवा. लाँग ॲक्शनचा बोल्ट मागे येताना अंगठ्याजवळ किंवा गालाजवळ फार येतो का? डोकं मागे घ्यावं लागतं का? आखूड हाताच्या माणसाला शॉर्ट ॲक्शन सोयीची वाटते ती इथे, आणि हा फायदा खरा आहे. वेगाचा फायदा मात्र लोक उगाच फुगवून सांगतात. अर्धा इंच कमी ओढल्याने वाचणारा क्षण पुन्हा नेम धरण्यात कधीच खर्च होऊन जातो.

✔ तपासणी: डावखुरे असाल तर आत्ताच विचारा. डाव्या हाताच्या रायफली मोजक्याच काडतुसांत आणि मोजक्याच ॲक्शनमध्ये मिळतात. काडतूस ठरवून बसलात आणि त्यात डावा बोल्टच नसेल तर पुन्हा टप्पा २ वर यावं लागेल.

टप्पा ५: वजन आणि लांबी

इथे थोडक्यात. त्याच कारखान्याच्या त्याच मॉडेलमध्ये शॉर्ट ॲक्शनमुळे वजन साधारण ६० ते ११० ग्रॅम कमी होतं आणि रायफल अर्धा-पाऊण इंच आखूड होते. याहून जास्त फरक नळी दोन इंच आखूड घेतल्याने, हलका दस्ता किंवा लहान स्कोप घेतल्याने पडतो. वजन हीच अडचण असेल तर आधी तिकडे बघा. मॅग्नम काडतुसाला मात्र २४ ते २६ इंचांची नळी लागते, आखूड नळीत त्याची दारू नुसता आवाज आणि झोत वाढवते. तेव्हा शॉर्ट मॅग्नम घेऊन रायफल छोटी होईल ही आशा धरू नका.

'आखूड रिसीव्हर जास्त ताठ, म्हणून नेम जास्त अचूक' हेही ऐकाल. तत्त्वतः खरं आहे. पण शिकारी रायफलमध्ये नळीचा दर्जा, दस्त्यात ॲक्शन नीट बसलीय की नाही आणि कोणतं काडतूस तिला मानवतं, यापुढे तो फरक दिसतच नाही.

टप्पा ६: स्कोप आणि सुटे भाग

लाँग ॲक्शनवर स्कोपच्या पुढच्या आणि मागच्या बैठकीतलं अंतर जास्त असतं. छोट्या स्कोपची सरळ नळी तेवढी लांब नसते. मग कड्या घट्ट करायला जागा मिळत नाही, किंवा स्कोप पुढे-मागे सरकवता येत नाही आणि डोळा व स्कोप यांतलं अंतर चुकतं. शिकारी स्कोपला हे अंतर साधारण साडेतीन ते चार इंच लागतं. ते कमी पडलं आणि धक्का जोराचा असला, तर स्कोपची कडा भुवईवर खूण ठेवून जाते. अखंड रेल (रिसीव्हरवर बसवायची एकसलग पट्टी) लावली की ही अडचण बहुतेक सुटते.

बैठक, रेल, दस्ता, मॅगझीन, बोल्ट-स्टॉप यांतली कोणतीही वस्तू मागवताना मॉडेलबरोबर ॲक्शनची लांबीही लिहा. स्क्रूच्या भोकांतलं अंतर वेगळं असतं. शॉर्टचा दस्ता लाँगला लागत नाही, आणि कोरून कोरून बसवण्याचा उद्योग करू नये.

टप्पा ७: पुढे नळी बदलायची आहे का?

नसेल तर हा टप्पा सोडा.

असेल तर लांबीबरोबर दुसरं माप बघा: बोल्टच्या तोंडाचा व्यास, म्हणजे पुंगळीचं बूड जिथे बसतं ती वाटी. .३०८ आणि .३०-०६ या दोन्ही कुटुंबांसाठी ती ०.४७३ इंचांची असते, मॅग्नम आणि डब्ल्यूएसएमसाठी साधारण ०.५३ इंचांची, .२२३ साठी ०.३७८. म्हणून .३०८ ची रायफल उद्या नव्या नळीने .२४३, ७ एमएम-०८ किंवा ६.५ क्रीडमूर होऊ शकते, आणि .३०-०६ ची .२५-०६, .२७० किंवा .२८०. बोल्टचं तोंडच बदलावं लागत असेल तर खर्च आणि कटकट दोन्ही वाढतात. 'पुढे कधीतरी' एवढ्यासाठीच लाँग ॲक्शन घ्यायची असेल, तर ते पुढे नक्की काय आहे ते नावानिशी कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर गरज नाही.

⚠ सावधान: नळी बदलणं आणि हेडस्पेस (बंद बोल्टचं तोंड आणि चेंबरमधली काडतूस अडण्याची जागा यांतलं अंतर) तपासणं हे कसबी गनस्मिथचं काम आहे. चेंबरचं माप थोडंसं चुकलं तरी पुंगळी फाटू शकते.

टप्पा ८: घेतल्यावर पहिल्या वीस गोळ्या

दोन्ही लांब्यांत अडकून पडला असाल तर एकच प्रश्न विचारा: ठरलेलं काडतूस तुमच्या भागात वर्षभर मिळतं का? दोनच काडतुसांवर गाडी अडली असेल तर सहज मिळणारं घ्या आणि त्याची जी ॲक्शन असेल ती स्वीकारा.

रायफल आली की अधिकृत रेंजवर, कानांना आणि डोळ्यांना संरक्षण घालून, वीस गोळ्या झाडा. पहिल्या दहा टेकूवरून, नेम जुळवण्यासाठी. पुढच्या दहा बसून, मॅगझीन पूर्ण भरून, प्रत्येक गोळीनंतर गाल न उचलता बोल्ट अडसरापर्यंत ओढून. काडतूस वाकडं आत गेलं, पुंगळी खिडकीत अडकली, चाप ओढल्यावर चेंबर रिकामं निघालं, तर ते लगेच कागदावर टिपा: कितवी गोळी, मॅगझीनमध्ये किती उरल्या होत्या, बोल्ट पूर्ण मागे गेला होता का. बोल्ट पूर्ण मागे जाऊनही दोष पुन्हा पुन्हा त्याच जागी येत असेल, तर रायफल आणि तो कागद दोन्ही घेऊन दुकानात जा, हंगाम सुरू होण्याआधी.